सातव्या भिंतीतलं दार

माणसाने आजवर जे जे बांधलं त्यात भिंत ही सर्वांत प्रामाणिक वस्तू होय, असं दशरथ नाचणेकरांचं ठाम मत होतं. पुतळा खोटं बोलतो, कमान खोटं बोलते, पूल तर उद्घाटनाच्या दिवसापासूनच बोलायला लागतो. भिंत मात्र इकडचं इकडे आणि तिकडचं तिकडे ठेवते आणि त्याबद्दल कुणाकडे काही मागत नाही. हे मत त्यांनी भाईंदरच्या जेसल पार्कमधल्या ज्या फ्लॅटमध्ये बसून बनवलं होतं त्याच्या हॉलमध्ये खिळा ठोकला की तो पलीकडे सुर्व्यांच्या कॅलेंडरमागून बाहेर निघायचा, आणि सुर्व्यांच्या सुचेतावहिनी "दादा, पोचला हं!" असं भिंतीतूनच कळवायच्या. पण नाचणेकर बोलत ते या भिंतींबद्दल नव्हे. ते पोलादी भिंतींबद्दल बोलत. नौदलासाठी गस्तीची जहाजं बांधणाऱ्या कारखान्यात ते डिझाइनला होते, आणि डिझाइनमध्येही त्यांचं टेबल असं, की त्याच्याकडे कुणी हौसेने यायचं नाही. तोफ कुठे बसवायची, रडार किती उंच ठेवायचं, इंजिनं किती ताकदीची घ्यायची, हे इतरांचे प्रांत. जहाजाला भोक पडलं तर पुढे काय, हा नाचणेकरांचा. उभी नोकरी त्यांनी जहाजं कागदावर बुडवण्यात घालवली होती. दिवसभर पाणी आत येऊ नये म्हणून पगार घ्यायचा आणि घरी आल्यावर पाणी यावं म्हणून टँकरवाल्याची मनधरणी करायची, यातला विनोद त्यांना भाईंदरला आल्या वर्षी कळला होता. नंतर तो कळेनासा झाला.

नव्वद सालच्या खंडेनवमीला त्यांना मलेरिया झालेला होता, म्हणून ते घरी होते. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. लेथला हार, क्रेनला हार, वेल्डिंगच्या मशीनला कुंकू, आणि त्या एका दिवशी घरच्या मंडळींना आत सोडतात. त्या वर्षी तयार होत आलेलं नवं गस्ती जहाजही दाखवणार होते, म्हणून त्यांच्या पत्नी मनोरमाबाई सुचेतावहिनींबरोबर काशीमीऱ्याहून सुटणाऱ्या कारखान्याच्या बसने गेल्या आणि संध्याकाळी हातात बटाटेवड्याचा पुडा घेऊन, ठेवणीतल्या साडीला काळं ग्रीस लावून परत आल्या. नाचणेकर चादरीत होते. ताप उतरताना अंगाला जी एक पोकळ, पाण्यासारखी गार जाणीव असते तीत ते पडून होते, आणि मनोरमाबाई जहाज कसं होतं ते सांगत होत्या. केवढं थोरलं ते इंजिन. केवढं तेल. "आणि अहो, इंजिनाच्या खोलीतून तशाच आम्ही जनरेटरच्या खोलीत गेलो."

"तशाच म्हणजे?"

"तशाच म्हणजे चालत."

"चालत नाही जाता येत," नाचणेकर म्हणाले. "शिडीने वर चढायचं, डेकवरून पुढे जायचं, मग दुसऱ्या शिडीने खाली उतरायचं."

"साडी नेसून? काहीतरीच. दार आहे की मध्ये. सुचेताने त्याला कुंकू लावलं. झेंडूचं तोरण बांधलं होतं कुणीतरी, इतकं छान दिसत होतं! बाकी तुमचं सगळं काळंकुट्ट."

नाचणेकरांनी तिला समजावलं, की ती दुसरीकडे कुठेतरी गेली असणार. ती म्हणाली, मलेरिया तुम्हाला झालाय, मला नाही. आणि ती वडे तव्यावर गरम करायला गेली. नाचणेकर चादरीत उठून बसले. जिन्याला अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. किंवा इथे उलटं होतं. जिथे काही नाही अशी त्यांची खात्री होती, तिथे काहीतरी होतं, आणि त्याला कुंकू लागलं होतं.

जहाजाच्या पोटात आडव्या पोलादी भिंती असतात. मनोरमाबाईंना त्यांनी हे लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मिसळणाचा डबा समोर ठेवून समजावलं होतं. वाट्या वेगळ्या असतात म्हणून हळद सांडली तरी मोहरीत जात नाही. या गस्ती जहाजाचा हिशेब असा होता, की शेजारशेजारच्या कोणत्याही दोन खोल्या पाण्याने भरल्या तरी ते तरंगेल. कलेल, खोल बसेल, तोंड वाकडं करेल, पण तरंगेल. तीन भरल्या तर नाही. सातव्या भिंतीच्या पुढे जनरेटर, मागे इंजिन, इंजिनाच्या मागे आठवी भिंत. आठव्या भिंतीवर मार बसला तर तिच्या दोन्ही बाजूंच्या खोल्या जाणार, ते धरलेलंच होतं. पण सातवीला दार असेल आणि ते उघडं असेल, तर तिसरीही जाणार. त्यात गणित असं काही नव्हतं. ते त्यांना गणित यायच्या आधीपासून माहीत होतं. जयगडच्या खाडीत वडलांच्या मचव्यात बसलेले असताना एका फळीतून पाणी यायला लागलं होतं; बोटभर फट; आणि लहानग्या दशरथला वाटलं होतं, आपण त्या टोकाला आहोत, इथे काय येतंय. मग पाय ओले झाले. वडील एका हाताने फटीत कापूस कोंबत होते, दुसऱ्या हाताने डब्याने पाणी उपसत होते आणि शिव्या कुणाला देत होते ते कळत नव्हतं. मचव्याला भिंती नसतात. एका जागी आलेलं पाणी सगळीकडचं असतं. मचवा किनाऱ्याला लागला, कुणाला काही झालं नाही, वडील त्या रात्री भरपूर जेवले. पण त्या ओल्या पायांवर नाचणेकरांनी पुढे एक आख्खी नोकरी उभी केली.

पलीकडे सुर्व्यांचा टीव्ही चालू होता. भिंतीतून बातम्या ऐकू येत होत्या. पंढरीनाथ सुर्वे खोकला. तो खोकला नाचणेकरांना इतका पाठ होता, की त्यावरून त्याने सिगारेट ओढली की फक्त विचार केला हेसुद्धा त्यांना सांगता आलं असतं. पंढरीनाथला अठरा वर्षांपूर्वी त्यांनीच तयार केला होता. ड्रॉइंगची पेन्सिल कशी धरायची इथपासून ते साहेबांसमोर गप्प कसं बसायचं इथपर्यंत. हा फ्लॅटही त्यांनीच त्याला दाखवला, शेजारी शेजारी राहू म्हणून. या जहाजाचं लाकडी मॉडेल दोघांनी मिळून टाकीत सोडलं होतं. आतल्या भिंती उपसून काढता येतील असं केलं होतं. एक काढली, मॉडेल जरा मान तुकवून उभं राहिलं. दोन खोल्यांत पाणी, तरी उभं. मग पंढरीनाथने सातवी उपसली. मॉडेल घाईने बुडालं नाही, हे नाचणेकरांना आठवत होतं. आधी थोडा वेळ त्याने विचार केल्यासारखं केलं, आणि मग सभ्यपणे, पाहुण्याने पाट सोडून उठावं तसं, खाली गेलं. पंढरीनाथने टाकीला सलाम ठोकला होता. "सातवीला दार नाही म्हणजे नाही, साहेब. दार पाडायचं तर आधी मला पाडावं लागेल." पुढे नौदलाचे देखरेखीचे कमांडर मीटिंगला आले आणि म्हणाले, माझ्या पोरांनी मीटर वाचायला दिवसातून किती वेळा शिड्या चढायच्या-उतरायच्या, एक दार द्या. नाचणेकर उभे राहून नाही म्हणाले. नोकरीत ते मीटिंगमध्ये उभे राहिले असतील असा तोच प्रसंग. पंढरीनाथने टेबलाखालून त्यांचा गुडघा दाबला होता. शाबासकीचा, असं तेव्हा वाटलं होतं. आता चादरीत बसून ते त्या दाबण्याचा नीट विचार करू लागले. बसा, असंही असू शकेल.

दसऱ्याच्या सकाळी सुर्वे पतिपत्नी सोनं घेऊन आली. पंढरीनाथने नवा सदरा घातला होता, सुचेतावहिनींच्या हातात श्रीखंडाची वाटी होती. "सोनं घ्या दादा, सोन्यासारखे राहा," असं म्हणून तो वाकला. नाचणेकरांनी आपट्याची पानं मुठीत घेतली. "पंढरी," ते म्हणाले, "सातवीला दार कधी पाडलं?"

पंढरीनाथ पायाशी होता. तो तिथेच राहिला. आदरापोटी जितकं राहावं त्याहून जरा जास्तच.

"मे महिन्यात," तो खालूनच म्हणाला.

"मी कुठे होतो?"

"नीलमच्या लग्नाला. गावी."

"लग्न झाल्यावर मी परत आलो, पंढरी. मुलगी गेली, मी आलो."

"तेव्हा तुमचं बीपी चढलं होतं ना," पंढरीनाथ उठून उभा राहिला. "मी वहिनींना विचारलं होतं. विचारा त्यांना. म्हटलं, ऑफिसात एक बारीकसा बदल झालाय, दादांना सांगू का? त्या म्हणाल्या, आत्ता नको."

मनोरमाबाई स्वयंपाकघराच्या चौकटीत उभ्या होत्या. "मला काय माहीत दार म्हणजे! मला वाटलं कुणाची बदलीबिदली झाली असेल. भावजी बारीकसा म्हणाले."

"माणूस जाण्याएवढं दार आहे, मनोरमा."

"मग? तेवढंच असतं दार. हत्ती जायचाय का त्यातून?"

सुचेतावहिनी हसल्या आणि मग हसू नये असं लक्षात येऊन श्रीखंडाच्या वाटीवरची ताटली सरळ करू लागल्या. नाचणेकर म्हणाले, "अरे, पण ऑगस्टमध्ये मी सबंध हिशेब केला. भोकांचा. एकेक भिंत धरून. माझ्या समोरच्या ड्रॉइंगवर सातवी भिंत आख्खी होती."

"जुनंच ठेवत होतो तुमच्या टेबलावर," पंढरीनाथ म्हणाला. "तुम्हाला त्रास नको म्हणून. सगळ्या सेक्शनने सांभाळलं दादा. प्यूनपण. तुम्ही आलात की दाराचा विषय बंद." हे तो जवळजवळ अभिमानाने म्हणाला. "आणि दादा, जगात सगळ्या जहाजांवर दारं असतात. समुद्रावर गेल्यावर बंद करायची असतात."

"आणि ती कोण बंद करणार?"

"ज्याची ड्यूटी असेल तो."

नाचणेकरांनी ते मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिलं. ज्याची ड्यूटी असेल तो. बिल्डिंगच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायची ड्यूटी पण कुणाची तरी असते. ते श्रीखंड खायला बसले, कारण दसऱ्याला आलेल्या माणसासमोर दुसरं काय करणार, आणि खाताना त्यांना जाणवलं की राग येत नाहीये. राग आला असता तर बरं वाटलं असतं. चार-पाच महिने आपल्याभोवती माणसं चवड्यांवर चालत होती, एखाद्या झोपलेल्या म्हाताऱ्याच्या खोलीत चालावं तशी, आणि आपण जागे होतो. टेबलावर वाकून, चष्मा पुसून, नसलेल्या जहाजाला भोकं पाडत होतो. प्रत्येक भोकातून ते जहाज तरत होतं. काय सुंदर तरत होतं! शेवटचा आकडा आला तेव्हा पंढरीनाथने स्वतः चहा मागवला होता, आणि चहा आणणारा प्यूनसुद्धा, आता आठवतं, कपाकडे बघत होता.

बायकोचं तर काय बोलायचं. तिने फक्त होकार दिला होता, तोही कशाला ते न विचारता. पण रोज रात्री शेजारी निजणाऱ्या माणसाने कुणाला तरी सांगावं, की यांना आत्ता सांगू नका. मग ते काय आहे याला काही महत्त्व उरत नाही. ते दार असो, बदली असो, की मरण असो.

जहाज दिवाळीनंतर ताब्यात द्यायचं होतं. तोवर बोलायचं, नाहीतर कायमचं गप्प बसायचं, हे नाचणेकरांना उघड दिसत होतं. बोललो तर पंढरीनाथ गोत्यात. नव्या ड्रॉइंगवर सही त्याची. न बोललो तर जहाजावर जी माणसं राहतील, जेवतील, झोपतील, ती एका उघड्या दाराच्या भरवशावर. अंगात ताकद आली तसे ते एक दिवस कामावर गेले, टेबलाकडे न वळता सरळ जहाजावर चढले आणि शिडीने इंजिनाच्या खोलीत उतरले. दार होतं. चांगलं होतं, हे त्यांना कबूल करावं लागलं. गोल कोपऱ्यांचं, जाड, कडेने रबर, बंद करायला दांडे. ते एका हुकाने उघडं अडकवून ठेवलेलं होतं. वर खंडेनवमीचं तोरण वाळून तपकिरी झालं होतं, ते कुणी काढलं नव्हतं; देवाचं आहे, कोण हात लावणार. नाचणेकरांनी हुक काढला आणि दार लावून पाहिलं. तोरणाचा दोरा आणि दोनचार झेंडू रबरात चेंगरले, आणि त्या सुतळीच्या जाडीएवढी फट राहिली. बोटभरसुद्धा नाही. त्यांच्या पायांना गार वाटलं. इतक्यात पलीकडून दार ढकललं गेलं आणि एक तरुण खलाशी हातात चहाची किटली घेऊन आला. त्याने साहेबांना पाहून एक कप भरून त्यांच्या हातात दिला, निघाला, आणि दार तसंच टाकून जाऊ लागला.

"बंद क्यों नहीं किया?" नाचणेकरांनी विचारलं.

"साब, अभी वापस आना है ना," तो म्हणाला.

इतकं सोपं उत्तर त्यांनी आख्ख्या नोकरीत ऐकलं नव्हतं. सगळी दारं याच कारणाने उघडी असतात. ते कप हातात घेऊनच वर आले. डेकवर कमांडर उभे होते, कारखान्याचे जनरल मॅनेजर उभे होते, आणि फायलींचा गठ्ठा काखेत धरून पंढरीनाथ उभा होता. "आइए नाचणेकरजी, तबीयत कैसी है?" कमांडर म्हणाले. कमांडर चांगला माणूस होता. तो वाईट असता तर गोष्ट सोपी झाली असती. नाचणेकर म्हणाले, की सातवीतलं दार वेल्ड करून कायमचं बंद करायला हवं, दार उघडं असताना आठवीला मार बसला तर तीन खोल्या भरतील.

"लेकिन हमने तो यही पूछा था," कमांडर म्हणाले. "मैंने साफ बोला, दरवाज़े के साथ पूरा कैलकुलेशन दिखाओ, तभी लूँगा. और आपने ही तो दिखाया. अगस्त में. आपका साइन है. उसी पे पास हुआ."

नाचणेकरांनी पंढरीनाथकडे पाहिलं. पंढरीनाथ क्रेनकडे पाहत होता. क्रेन काही करत नव्हती. समुद्रावरून वारा येत होता, त्यात रंगाचा आणि सुकटीचा वास होता, आणि नाचणेकरांच्या डोक्यात एक एक खोली शांतपणे भरत गेली. जुनं ड्रॉइंग टेबलावर ठेवलं ते त्रास नको म्हणून नव्हतं. आख्खी भिंत समोर असली की हिशेब आख्खाच येणार होता, तो दाराच्या ड्रॉइंगला जोडता येणार होता, आणि नाचणेकरांची सही असलेला हिशेब कमांडर पुन्हा तपासणार नव्हते. नाचणेकरांना जे चार-पाच महिने सांभाळलं होतं ते बीपीमुळे नव्हे. सांभाळण्याचाही पंढरीनाथने उपयोग करून घेतला होता. आणि परवाच्या दसऱ्यापर्यंतचं पंढरीनाथचं पाया पडणं, टाकीपाशी ठोकलेला सलाम, ऑगस्टमधला चहा, हे सगळं कुठल्या खोलीत ठेवायचं ते कळेना. कारण मधल्या भिंतीच उरल्या नव्हत्या. एकाच जागचं पाणी मागे मागे, अठरा वर्षं मागे गेलं होतं.

"वो कैलकुलेशन गलत है," ते म्हणाले.

"आपका है ना?"

"मेरा है."

"तो गलत कैसे?"

"हिसाब बरोबर है," नाचणेकर म्हणाले. "जिस जहाज का है, वो जहाज ये नहीं है."

कमांडरांना वाटलं हे काही अध्यात्मातलं असावं. त्यांनी मान डोलावली. जनरल मॅनेजर हळूच म्हणाले, "मलेरिया हुआ था इनको. अभी भी वीकनेस है." आणि मग एका हाताने नाचणेकरांचा कोपर धरला गेला. फार हळुवार. तो हात पंढरीनाथचा होता. "चला दादा," तो म्हणाला, "उन्हात उभे राहू नका. बसमध्ये बसा जरा." आणि नाचणेकर चालू लागले. ते झिडकारू शकले असते. ते ओरडू शकले असते. पण ऊन खरोखरच लागत होतं, मलेरिया खरोखरच झाला होता, आणि खोट्याला आधार द्यायला इतकं खरं हाताशी असलं की माणूस काय करणार. फक्त बसच्या पायरीशी त्यांनी विचारलं, "का, पंढरी?"

पंढरीनाथने खरंच विचार केला. "जहाज अडलं असतं दादा," तो म्हणाला. "सगळ्यांचंच अडलं असतं. तुम्ही नाही म्हणाला असतात." त्यांना पायरी चढवत तो म्हणाला, "आणि तुमच्यासारखी सही दुसऱ्या कुणाची चालली नसती." हे तो कौतुक म्हणून म्हणाला होता. दुःख हेच, की ते कौतुकच होतं.

दाराचं काही झालं नाही. नाचणेकरांच्या अनुभवाचा मान राखून दारावर एक पितळी पाटी लावायचं ठरलं आणि तिच्यावरचा मजकूर त्यांनीच लिहावा असा निरोप आला. त्यांनी लिहिला. समुद्रात असताना हे दार बंद ठेवावे. दिवाळीनंतर बँड वाजला, जहाज गेलं. पंढरीनाथला बढती मिळाली आणि तो जवळच्याच इंद्रलोक वसाहतीत मोठा फ्लॅट घेऊन गेला. पलीकडे गुजराती मंडळी राहायला आली. ती कधी खोकत नसत. नाचणेकर निवृत्त झाले. सकाळी पेपर आला की आधी ते समुद्राच्या बातम्या पाहत. काही व्हावं असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. त्या जहाजावर किटली घेऊन फिरणारी पोरं होती, हे त्यांना माहीत होतं. पण काही होत नाही, हेही त्यांना सोसवत नव्हतं. दर वर्षी ते जहाज वादळातून, अंधारातून, उघड्या दाराने सुखरूप परत येत होतं, आणि दर वर्षी नाचणेकर थोडे थोडे खोटे ठरत होते. मनोरमाबाई विचारत, "काय शोधताय एवढं?" ते म्हणत, "काही नाही." हे मात्र ते तिला सांगणार नव्हते. ते कळण्याचा हक्क तिला उरला नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. आणि तिला त्याने काही फरक पडलेला दिसत नव्हता.

सहा वर्षांनी एका लग्नात पंढरीनाथ भेटला. पंगतीत शेजारीच बसायची वेळ आली. बराच वेळ दोघे जेवत राहिले. मग जिलेबी वाढून गेल्यावर पंढरीनाथ म्हणाला, "दादा, आपल्या जहाजाला परवा धडक बसली."

नाचणेकरांनी जिलेबी पानात परत ठेवली. "कुठे?"

"आठवीवरच. बरोब्बर."

"दार?"

"उघडं होतं."

"मग?"

"धक्क्याला बांधलेलं होतं. पाणी भरायला आलेला बार्ज घासला," पंढरीनाथ म्हणाला. "रंग गेला थोडा. शनिवारी मारला."